मिस्टर टेडस्टोन यांचं दुपारचं जेवण

लडलो गावच्या पोस्टात, हरवलेल्या मांजराच्या कागदाशेजारी एक कार्ड टाचलेलं होतं. ‘चर्चमधले ऑर्गन सुरात लावण्याच्या कामी पट्ट्या धरायला धीराचा माणूस हवा. कान बरा असावा. बडबड नको. दुपारचं जेवण मिळेल. ऑ. टेडस्टोन.’

१९६९चा मार्च चालू होता. माझा नवरा ग्लिन रेल्वेत होता, तो आदल्या जूनमध्ये हृदयविकाराने गेला. मी सदतीस वर्षांची. मूलबाळ नाही. घरात बोलायला दुसरं माणूसच नव्हतं, त्यामुळे ‘बडबड नको’ ही अट मला जमण्यासारखी वाटली. कानाचं म्हणाल तर मी लहानपणापासून चॅपेलमध्ये गाणारी; शेजारची बाई बेसूर झाली की माझ्या दाढा शिवशिवायच्या.

ऑब्री टेडस्टोन तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. उंच, काटकुळे, कोटाच्या कोपरांना चामड्याची ठिगळं, आणि केसांत कायम कुठल्या ना कुठल्या चर्चची धूळ. त्यांनी मला काम तीन वाक्यांत समजावलं. “मी ऑर्गनच्या पोटात शिरणार. तुम्ही बाहेर बाकावर बसून मी सांगेन ती पट्टी दाबून धरायची. मी ‘पुढचा’ म्हटलं की पुढची.” मी विचारलं, “आणि नाही म्हटलं तर?” ते म्हणाले, “तर धरून बसायचं.”

पहिला दिवस वेनब्रुकच्या चर्चमध्ये गेला. आत इतकी थंडी की माझ्या श्वासाची वाफ पट्ट्यांवर बसत होती. साडेतीन तास मी एकेक पट्टी धरून बसले. लाकडी भिंतीपलीकडे नळ्यांच्या जंगलातून त्यांची ठकठक ऐकू यायची. दोन नळ्या एकमेकींशी जुळत नसल्या की सुरात थरथर उठते, लाटा आल्यासारखी. ते नळीचं तोंड पितळी हत्याराने जरासं ठोकायचे, लाटा मंद मंद होत जायच्या आणि एका क्षणी पाणी स्थिर व्हावं तसा सूर स्थिर व्हायचा. मग आतून आवाज यायचा, “पुढचा.” सव्वाबाराला ते रांगत बाहेर आले, हात झटकले आणि म्हणाले, “जेवण.”

मी पिशवीतून ब्रेड आणि चीजची पुडी काढली.

“ते राहू द्या,” असं म्हणून ते चालूही लागले.

चर्चच्या फाटकासमोर, अरुंद रस्त्यापलीकडे ‘द प्लाउ’ हा पब. मी फाटकातच थांबले.

“मिस्टर टेडस्टोन, मी आत येणार नाही. मी चॅपेलवाली आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे आमच्या पंथात दारू वर्ज्य. मी कधी पबात पाऊल ठेवलेलं नाही. माझी आई पब दिसला की रस्ता ओलांडून पलीकडून जायची.”

“आणि पलीकडेही पब असला तर?”

मी आठवून पाहिलं. “मग भरभर चालायची.”

त्यांनी यावर गंभीरपणे विचार केला. “याला मागून एक दार आहे,” ते म्हणाले. “ते पबाचं नाही, स्वयंपाकघराचं आहे. स्वयंपाकघराला तुमच्या चॅपेलची काही हरकत?”

मागच्या दाराने आम्ही आत गेलो. पिठात कोपरापर्यंत हात बुडालेली एक ठेंगणी, गोल बाई चुलीपाशी उभी होती. ती ओल्वेन गिटिन्स. नवरा गेल्यापासून हा पब ती एकटीच चालवत होती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“ही कोण? आणि मागचा माणूस कुठे गेला?”

“तो बोलायचा,” मिस्टर टेडस्टोन म्हणाले.

“आणि ही नाही बोलत?”

“अजून तरी नाही.”

“देवा, बिचारी. बस ग पोरी. तो खुर्चीवरचा बोका ढकल, चावत नाही.”

तिने माझ्यापुढे ताटली ठेवली. हॅम, सफरचंद आणि कांदा पिठाच्या पारीत भरून भाजलेला पदार्थ, पाई. आमच्या भागात त्याला फिजेट म्हणतात. वरचं कवच खरपूस, कडेने सफरचंदाचा रस फुटून करपलेला, आणि शेजारी कोबी. मी पहिला घास घेतला आणि माझ्या लक्षात आलं की नऊ महिन्यांत कोणी दुसऱ्याने वाढलेलं ताट माझ्यासमोर आलंच नव्हतं. रोज मीच शिजवायचं, मीच वाढायचं, आणि मीच अर्धं टाकून द्यायचं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते थांबेना.

मिस्टर टेडस्टोन यांनी खुर्ची जराशी खिडकीकडे वळवली. बाहेरच्या कोबीच्या वाफ्याकडे बघत ते ओल्वेनशी बोलू लागले, की यंदा सफरचंदं गेल्या वर्षीपेक्षा आंबट आहेत, आणि ते चांगलंच आहे, हॅमला आंबटच लागतं. ओल्वेनही त्यांना उत्तरं देत राहिली. माझं रडून होईपर्यंत दोघं सफरचंदांवर बोलत होती. मग ओल्वेनने मला न विचारता दुसरा तुकडा वाढला.

असं माझं त्या कामावर रुजू होणं झालं.

आमच्याकडे बासष्ट चर्चं होती. श्रॉपशर, हेरफर्डशर, थोडी सीमेपलीकडे वेल्समध्ये. वर्षातून दोनदा प्रत्येकाकडे फेरी. हिरवी मॉरिस व्हॅन, मागे हत्यारांची पेटी, मोठ्या नळ्यांसाठी शिडी. त्या काळी खेड्यातल्या पबात जेवण मिळेलच असं नसायचं. बिअर मिळायची, व्हिनेगरमधलं उकडलेलं अंडं मिळायचं, फार तर चीजचा तुकडा. पण कुठल्या पबाच्या मागे खरं स्वयंपाकघर आहे, कुठली बाई घरच्यांसाठी रांधते तेव्हा एक ताट जास्तीचं काढते, हे मिस्टर टेडस्टोन यांना तोंडपाठ होतं. ते पुढच्या दाराने जाऊन काही मागायचे नाहीत. मागे जाऊन टोपी काढायचे आणि म्हणायचे, “नमस्कार, ऑर्गनवाला आलाय.” बस. ताट यायचं.

दोन-तीन महिन्यांनी मी त्यांच्या वहीतला फिरतीचा क्रम नकाशावर ताडून पाहिला. मंगळवारी आम्ही सकाळी एका टोकाच्या चर्चला जायचो आणि दुपारनंतर अठरा मैलांवरच्या दुसऱ्या, वाटेतली तीन चर्चं सोडून.

“मिस्टर टेडस्टोन, हा क्रम उलटसुलट झालाय. वाटेतली तीन आधी घेतली तर पेट्रोल किती वाचेल.”

“मंगळवारी त्या तिन्ही ठिकाणी काय असतं?”

“काय असतं म्हणजे? प्रार्थना असते का?”

“काही नसतं,” ते म्हणाले. “मंगळवारी उकडलेलं बीफ फक्त ‘द बेल’मध्ये असतं.”

तेव्हा मला उलगडा झाला. त्यांचं सगळं वेळापत्रक चुलींवर बेतलेलं होतं. शुक्रवारी मासे कुठे, गुरुवारी सशाची पाई कुठे, कुठल्या बाईच्या हातचं बीफ-गुर्द्याचं पुडिंग कापडात बांधून चार तास वाफवलेलं असतं आणि कुठली ते दोन तासांतच उतरवते. एका पबात दोन बहिणी होत्या, त्या अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. एक मटण करायची, दुसरी बटाटे. न बोलता दोन्ही एकाच क्षणी तयार कसं व्हायचं हे कोणाला कधी कळलं नाही. मिस्टर टेडस्टोन म्हणायचे, “यांनी समेट केला तर जेवण बिघडेल.”

वेळापत्रक असं जेवणावर का बेतलेलं, त्याचं कारण मला पुढे कळलं. लडलोमध्ये लोखंडी सामानाच्या दुकानावर त्यांची भाड्याची खोली होती. लग्न केलेलं नाही. खोलीत गॅसची एकच शेगडी, तीही चहापुरती. रात्री ते बिस्किटं खायचे. चोवीस तासांतलं त्यांचं जेवण म्हणजे हे एकच, दुपारचं. म्हणून ते कधी घाईने जेवत नसत, आणि टेबलावर कामाचा विषय काढत नसत. नळी, भाता, पाद्री, सगळं फाटकाबाहेर. जेवताना चालू जेवणाबद्दल बोलायचं, नाहीतर उद्याच्या.

दुसऱ्या वर्षी मी पुढच्या दाराने आत जायला लागले. चॅपेलमध्ये कुजबुज झालीच. धर्मोपदेशकाच्या बायकोने मला गाठून विचारलं, “एनिड, तू म्हणे वेनब्रुकच्या पबात दिसलीस?” मी म्हटलं, “मी ऑर्गनचं काम करते, आणि ऑर्गनवाल्याला भूक लागते.” तिने नाक मुरडलं आणि निघून गेली. तोवर मी अर्धा ग्लास सायडरपर्यंत, म्हणजे सफरचंदाच्या हलक्या दारूपर्यंत, पोचले होते, ते तिला सांगितलं नाही.

ती चार वर्षं माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली होती असं आज म्हटलं तर ग्लिनवर अन्याय होईल. पण एप्रिलमध्ये व्हॅनच्या खिडकीतून सफरचंदाचे मोहरलेले मळे सरकत जायचे, पुढे कुठल्यातरी चुलीवर आपल्यासाठी काहीतरी शिजतंय हे ठाऊक असायचं, आणि शेजारी न बोलणारा माणूस. एवढ्याने माणूस किती बरा होतो, हे मी आधी कोणी सांगितलं असतं तर मानलं नसतं.

त्र्याहत्तर साली काहीतरी बदलायला लागलं. आधी ते जेवणाच्या टेबलावरच दिसलं.

‘द प्लाउ’मध्ये त्या दिवशी गर्दी होती. कुंपणं विणणारा म्हातारा जेथ्रो बाऊन गल्ल्याशी टेकून उभा होता. तो रोजच तिथे असायचा, आणि तो काम करताना कोणी पाहिलेला नव्हता. ओल्वेन ताटली घेऊन आली.

“ऑब्री, वाटाणे घालू का?”

“नाही, वाटेत कुठे थांबलो नाही,” मिस्टर टेडस्टोन म्हणाले.

सगळे हसले. जेथ्रो म्हणाला, “मग गाजरं घाल ग, गाजराचं काय म्हणतो बघू.” मिस्टर टेडस्टोनही हसले, पण कशाला हसतोय ते त्यांना कळलेलं नव्हतं, हे मी शेजारून पाहिलं. असं पुन्हा झालं. मग आणखी एकदा. शांत जागी त्यांना सगळं ऐकू यायचं. चार माणसं बोलत असली की शब्द निसटायचे.

आणि मग ऑर्गनमध्ये. अगदी बारीक नळ्या असतात, पेन्सिलीएवढ्या, त्यांचा सूर कानात सुई टोचल्यासारखा असतो. मी बाहेर पट्टी धरून बसलेली, आणि मला स्पष्ट ऐकू यायचं की लाटा अजून उठताहेत, पाणी स्थिर झालेलं नाही. आणि आतून आवाज, “पुढचा.” मी पुढची पट्टी दाबायची. मी काय बोलणार? मी पट्ट्या धरणारी. ते बत्तीस वर्षं हे काम करत होते. मी गप्प राहिले, आणि घरी जाऊन स्वतःला दूषणं देत राहिले. त्या इस्टरला एका बाईने चर्चबाहेर दुसरीला म्हटलेलं मी ऐकलं, “आपला ऑर्गन सर्दी झाल्यासारखा नाही वाटत?”

ऑक्टोबरात आम्ही पुन्हा वेनब्रुकला आलो. सकाळ शांत होती. बारीक नळ्यांची ओळ आली. मी पट्टी धरली. आत ठकठक झाली. सूर वेडावाकडा थरथरत होता.

“पुढचा.”

माझं बोट उचललं जाईना. मी तशीच धरून बसले.

“पुढचा,” पुन्हा आवाज आला.

मी धरून बसले. तो आवाज रिकाम्या चर्चमध्ये किंचाळत होता. तिसऱ्यांदा ते म्हणाले, “पुढचा, मिसेस प्रॉसर.” आवाजात राग नव्हता. थोडी भीती होती.

“हा अजून लागला नाही,” मी मोठ्याने म्हटलं.

मग हत्यार फळीवर ठेवल्याचा आवाज आला. ते रांगत बाहेर आले, गुडघे झटकले, माझ्याकडे न बघता कोट चढवला. घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

“जेवण,” ते म्हणाले.

‘द प्लाउ’ नुकताच उघडला होता. इतक्या लवकर आलेले पाहून ओल्वेनने भुवया उंचावल्या, पण काही न विचारता तिने आम्हांला खिडकीपाशी बसवलं. पुडिंग व्हायला अजून वेळ होता, म्हणून तिने ब्रेड, चीज आणि कांदा आणून ठेवला. जेथ्रो त्याच्या जागी होता, आणखी दोन शेतकरी होते.

मिस्टर टेडस्टोन यांनी सुरी उचलली आणि परत ठेवली. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा जेवणाच्या टेबलावर कामाचा विषय काढला.

“कधीपासून?”

“मला मागच्या वसंतात कळलं.”

“मला दोन वर्षांपूर्वी,” ते म्हणाले. “घराच्या वळचणीला पाकोळ्या येतात उन्हाळ्यात. चिरक्या आवाजात ओरडत फिरतात. एका वर्षी वाटलं, या गप्प का झाल्या? तर चोची उघडत होत्या. मीच...” त्यांनी कानाकडे बोट केलं. “वरचा मजला बंद पडलाय. खालचं सगळं ठीक आहे. मोठ्या नळ्या अजून छातीत ऐकू येतात. पण वरचं गेलं.”

“मग बारीक नळ्या कशा लावत होता तुम्ही?”

“सवयीने. इतकी वर्षं ठोकल्यावर हाताला अंदाज असतो. बहुतेक वेळा बरोबर येत असेल असं मला वाटत होतं. येत नव्हतं ना?”

“अर्ध्या वेळा,” मी म्हटलं. मी खोटं बोलू शकले असते, पण त्यांनी इतकं सरळ विचारलं होतं.

“मी आज रात्रीच सगळ्या पाद्र्यांना पत्रं लिहितो. वर्षभर मी लोकांना बेसूर ऑर्गन देऊन आलो, आणि त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवला. तुम्हांलाही दुसरं काम बघावं लागेल. त्याचं मला जास्त वाईट वाटतं.”

हे सगळं ते कुजबुजून सांगत होते, असं त्यांना वाटत होतं. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला आपला आवाज किती आहे ते कळत नाही. मी मान वर केली तर सगळा पब गप्प होता. शेतकऱ्यांचे ग्लास अर्ध्यावर थांबले होते. ओल्वेन दारात फडकं हातात घेऊन उभी होती. मिस्टर टेडस्टोन यांनी माझी नजर कुठे गेली ते पाहून मागे वळून बघितलं, आणि त्यांना सगळं कळलं. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला तिथून उठून पळावंसं वाटलं.

जेथ्रोने खाकरून घसा साफ केला. तो त्यांच्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा बोलला. “ऑब्री, मला गेली सहा वर्षं डाव्या डोळ्याने दिसत नाही. मी कोणाला पत्रं लिहिली नाहीत.”

“तू काम कुठे करतोस लेका,” ओल्वेन म्हणाली, “पत्रं लिहायला?” पण हसलं कोणी नाही. ती टेबलाशी आली आणि खुर्ची ओढून बसली. “पत्रं नंतर लिही. आधी मला सांग, नळी बेसूर आहे हे कळलं कोणाला?”

“मिसेस प्रॉसर यांना.”

“मग हिच्या कानाला काय धाड भरलीय? हिला घाल की आत. आणि तू बस बाहेर पट्ट्या धरून. बोटं शाबूत आहेत ना तुझी?”

“आत धूळ असते, ओल्वेन,” मिस्टर टेडस्टोन म्हणाले. “वटवाघळं असतात. अरुंद फळीवरून रांगावं लागतं.”

“हिला एकदा माझ्या माळ्यावर पाठव, मग बोल.”

मी म्हटलं, “मला काही येत नाही. मी हत्यार हातात धरलेलं नाही. आणि बाई असलं काम करते असं कोणी ऐकलंय का?”

“चार वर्षांपूर्वी तू मागच्या दाराने आलीस,” ओल्वेन म्हणाली. “तेव्हा तुला पबात जेवणंही येत नव्हतं.”

मिस्टर टेडस्टोन यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, “तो सूर चढा होता की उतरता?”

“चढा. अगदी केसभर.”

“किती लाटा?”

“सेकंदाला तीनएक.”

त्यांनी मान डोलावली, सुरी उचलली आणि चीज कापायला घेतलं. “पुडिंग होईपर्यंत थांबू,” ते म्हणाले. “उपाशी माणसाने शिकू नये.”

त्या दुपारी मी पहिल्यांदा ऑर्गनच्या पोटात शिरले. शिकायला दोन हिवाळे गेले. पहिल्या महिन्यात मी एका नळीचं तोंड ठोकून ठोकून चपटं केलं, ते म्हणाले, “मी पहिल्या वर्षी सात बिघडवल्या होत्या.” अडचण एकच होती. मी आतून ‘पुढचा’ म्हटलं की माझा बारीक आवाज त्यांना ऐकू यायचा नाही. मग मी फळीवर काठी आपटायला लागले. ती मात्र त्यांना बाकापर्यंत जाणवायची. ते बोटं ठेवून, डोळे मिटून बसायचे, आणि काठीची थाप आली की पुढची पट्टी.

पत्रं त्यांनी लिहिलीच. मी नको म्हणत होते. पण प्रत्येक पाद्र्याला त्यांनी स्वतःच्या अक्षरात खरं ते कळवलं: कान गेलाय, यापुढे काम मिसेस प्रॉसर करतील, पटत नसेल तर निःसंकोच कळवावं. बासष्टपैकी सात जणांनी नको म्हणून कळवलं. एकाने लिहिलं की स्त्रीने ऑर्गनमध्ये रांगणं शोभत नाही. ते पत्र मिस्टर टेडस्टोन यांनी दोनदा वाचलं, मग वहीत त्या गावावर रेघ मारली. “तिथलं मटण तसंही चिवट होतं,” ते म्हणाले.

वाटेवरच्या पबांना कसं कळलं कोण जाणे, पण सगळ्यांना कळलं. पुढच्या फेरीपासून प्रत्येक ठिकाणी आम्हांला भिंतीलगतचं, कोपऱ्यातलं टेबल मिळू लागलं. तिथे मागून आवाज येत नाहीत, म्हणून. बायका त्यांच्या समोर उभ्या राहून, तोंड दिसेल असं बोलायच्या. त्या दोन बहिणींनी तर एका पाटीवर खडूने लिहूनच ठेवलेलं असायचं: मटण, बटाटे, सलगम. पाटीवर दोन वेगवेगळी अक्षरं. आणि ताट आधी माझ्यापुढे यायचं. मी एकदा म्हटलं, “आधी त्यांना द्या.” तर ते म्हणाले, “आत शिरणाऱ्याला आधी. बत्तीस वर्षं पहिलं ताट माझंच होतं.” तेव्हापासून ते मला एनिड म्हणायला लागले. मी त्यांना शेवटपर्यंत मिस्टर टेडस्टोनच म्हटलं. ऑब्री म्हणायचा प्रयत्न केला होता, पण तोंडात बसलं नाही.

अठ्ठ्याहत्तर साली त्यांचे गुडघे व्हॅनमध्ये चढेनात. लोखंडी सामानाच्या दुकानावरच्या खोलीला सत्तावीस पायऱ्या होत्या. मी त्यांना माझ्याकडे राहायला बोलावलं, ते म्हणाले, “चॅपेल जळून जाईल.” शेवटी ओल्वेननेच निकाल लावला. ‘द प्लाउ’च्या तळमजल्यावर मागे एक खोली होती, पूर्वी पिंपं ठेवायची. तिने ती चुन्याने रंगवली, पलंग टाकला आणि एका सोमवारी व्हॅन घेऊन मला पाठवलं. त्यांचं सगळं सामान दोन खेपांत आलं.

तिथे ते आठ वर्षं राहिले. सकाळी ओल्वेनबरोबर बसून वाटाणे सोलायचे, सफरचंदं कापायचे. दोघांमध्ये काय होतं ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. जेथ्रो चिडवायचा, “ऑब्री, लग्न कर तिच्याशी, निदान बिअर तरी फुकट मिळेल.” ऐकू आलेलं असूनही ते म्हणायचे, “हो, हवा छान आहे.” मी महिन्यातून दोनदा तिथे दुपारी पोचेन असा क्रम लावला होता. कुठे काय शिजलं, काय बदललं, याची ते माझ्याकडून सविस्तर बातमी घ्यायचे. बदलत बरंच होतं. एकेका स्वयंपाकघरात मोठे फ्रीज आले, तयार पिशव्यांतले रस्से आले. ‘द बेल’ विकला गेला, मंगळवारचं बीफ संपलं. ती बातमी मी त्यांना तीन आठवडे सांगितली नव्हती.

ते शहाऐंशीच्या मेमध्ये गेले, सकाळच्या चहानंतर, खुर्चीत. ओल्वेनने मला फोन केला तेव्हा ती फक्त म्हणाली, “एनिड, ये.”

अंत्यविधी वेनब्रुकच्या चर्चमध्ये झाला. आदल्या दिवशी मी ऑर्गन लावून ठेवला, पहिल्या नळीपासून शेवटच्यापर्यंत. ओल्वेनने वीसएक माणसांचं जेवण केलं होतं. मिस्टर टेडस्टोन यांना नातेवाईक नव्हते. इतकी माणसंही कशी येतील असं आम्हांला वाटत होतं. पण आम्ही चर्चमधून बाहेर आलो तर रस्त्यावर गाड्या लागलेल्या होत्या, दोन्ही बाजूंनी, पार पुलापर्यंत. वाटेवरच्या पबांतल्या बायका आल्या होत्या, काही म्हाताऱ्या झालेल्या, काहींनी धंदा सोडून दिलेला. दुपारच्या वेळी स्वतःची दारं बंद करून आल्या होत्या. आणि एकमेकींना न विचारता प्रत्येकीने काहीतरी आणलं होतं. सशाची पाई, हॅम, कापडात बांधलेली तीन पुडिंगं, मनुकांचा केक, कस्टर्डचं भांडं मांडीवर धरून कोणी चौदा मैल आलेलं. त्या दोन बहिणी एकाच गाडीतून आल्या, एकीच्या मांडीवर मटण, दुसरीच्या मांडीवर बटाटे. टेबलं पुरेनात म्हणून जेथ्रोने दोन दारं बिजागऱ्यांवरून काढून अंगणात आडवी मांडली. त्याला काम करताना मी पाहिलं ते त्याच दिवशी.

बोलणं फार झालं नाही. लोक जेवत होते. कोणीतरी विचारलं, “यातलं त्यांना सर्वांत काय आवडायचं?” आणि प्रत्येकीला वाटत होतं की आपलंच. मी कोणालाच नाही म्हटलं नाही.

सगळे गेल्यावर ओल्वेन आणि मी अंगणात बसलो, ऊन कललं होतं. ती दिवसभर काही जेवली नव्हती. मी उठून तिला वाढलं, सगळ्यांतलं थोडं थोडं, आणि ती समोर ठेवलेल्या ताटाकडे बघत राहिली. मी खुर्ची वळवली नाही. तिच्या शेजारीच बसून राहिले.

ओल्वेन त्यानंतर चार वर्षांनी कार्डिफला बहिणीकडे गेली. ‘द प्लाउ’ आता घर आहे; लंडनचे लोक सुट्टीत येतात. मी सदुसष्टाव्या वर्षापर्यंत काम केलं. शेवटच्या काही वर्षांत बासष्टमधली एकवीसच चर्चं उरली होती आणि त्यांच्यासमोर पब जेमतेम सात.

मिस्टर टेडस्टोन यांना मातीआड केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी माझी फेरी ठरलेली होती, हेरफर्डच्या बाजूला. गेले. पट्ट्या धरायला तिथल्याच शाळेच्या निवृत्त बाई आल्या होत्या. सव्वाबाराला काम थांबवून समोरच्या पबात गेले. नवीन मालक होता, बर्मिंगहॅमहून आलेला, पस्तिशीचा. त्याने भोपळ्याचं सूप आणि ब्रेड आणून ठेवला. सूप बरं होतं. जरा मीठ कमी. त्याने ताटली उचलताना विचारलं, “तुम्ही इथल्याच का?”

“दुपारपुरती,” मी म्हटलं.